टोळीमागे एक

पडद्यावर जानकीबाई आली आणि तेजश्रीच्या हातातला चहा हातातच राहिला. तसं पाहिलं तर काहीच झालं नव्हतं. बीडच्या जालना रोडवर, टायरच्या दुकानाच्या माथ्यावर असलेल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात दुपार नेहमीसारखीच तापली होती, खाली कुणीतरी लोखंडावर हातोडा घालत होतं, आणि नवी लागलेली रुचिका शेजारी खुर्ची ओढून, डब्यातले शेंगदाणे खात खात काम शिकत होती. तेजश्री तिला ऐटीत सांगत होती, की अगं, टेबल म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आडव्या ओळी आणि उभे रकाने. एका बाईची एक ओळ. ढिगातून एक ओळ काढायची तर आधी 'सिलेक्ट' म्हणायचं, मग कुठून काढायची ते सांगायचं, मग 'व्हेअर' म्हणून अट घालायची. "अट नाही घातली तर सगळा बाजार अंगावर येतो," असंही ती म्हणाली आणि स्वतःच्या वाक्यावर स्वतःच खूश झाली. ओळ शोधायची ती मोबाईल नंबरावरून; आता उदाहरणाला कुणाचा नंबर घ्यावा? बोटांना जो पाठ होता तोच तिने टाकला, सटवा मुकादमाचा. तिचा भाऊ हनुमान आणि वहिनी मुक्ताबाई याच सटवाच्या टोळीत ऊस तोडायला गेले होते, दिवाळी करून, तिकडे कृष्णाकाठाला. या नंबरावर मुक्ताबाईची ओळ यायची होती: महिना सातवा, रक्तदाब जास्त, लाल खूण, दर आठवड्याला तपासणी. आली जानकीबाई. महिना पाचवा, सगळं ठीक, हिरवी खूण. "ही कोण गं?" रुचिकाने विचारलं. "आहे एक टोळीतली," तेजश्री म्हणाली, आणि एखादा आकडा चुकला असेल म्हणून तिने नंबर पुन्हा टाकला, एकेक आकडा ओठांनी म्हणत. पुन्हा जानकीबाईच आली.

मग तिने नावाने शोधलं. मुक्ताबाई, मग नुसतं मुक्ता, मग इंग्रजी अक्षरांत, मग आडनावाने, मग गावाच्या नावाने. शिरूर कासारच्या पलीकडलं तिचं गाव सगळं उपसून काढलं तरी वहिनी नव्हती. शून्य ओळी, असं यंत्र सांगत राहिलं. ना रागावून, ना दिलगिरीने; शून्य म्हणजे शून्य. आणि वहिनीला तर तिने स्वतः लिहिलं होतं. गावोगावच्या कार्यकर्त्या बायका आपापल्या फोनवरून नोंदी भरत, पण मुक्ताबाईची ओळ तेजश्रीने याच खुर्चीवर बसून, याच बोटांनी भरली होती, आणि भरून झाल्यावर पडद्याला हळूच हातही लावला होता, लेकराच्या डोक्याला लावतात तसा. संस्थेचं काम सरळ होतं. पोटुशी बाई ऊसतोडीला निघाली की तिचं नाव इथे लिहायचं, आणि तिकडे कारखान्याच्या भागात संस्थेच्या नर्सबाईंनी फोनमध्ये नावं बघत बघत कोपीकोपीवर जायचं, रक्तदाब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, गरज पडली तर गाडी बोलवायची. नाव असेल तर नर्सबाई येणार. नाव नसेल तर तिला कुठून कळणार, की कोपीत, उसाच्या पाचटाच्या त्या झोपडीत, कुणाचे पाय सुजले आहेत?

आणि वहिनी तर जायलाच तयार नव्हती! हे आठवलं आणि तेजश्रीला बसवेना. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाईचा दाब चढतोय, जपा. मुक्ताबाई अंगणात बसून कोयत्याच्या मुठीला चिंधी गुंडाळत होती आणि म्हणत होती, "मी न्हाई गेले तर ह्यांचा अर्धा कोयता हुतो. अर्ध्या कोयत्याला कोन ठिवून घेतं, तूच सांग." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक, एकट्या गड्याला टोळीत जागा नसते. तरी ती थांबायचं म्हणत होती. पोटावर हात ठेवून म्हणाली होती, "पण औंदा नगं वाटतंय गं तेजा. डोकं लई ठणकतंय. ऱ्हावं का मागं?" आणि तेजश्री, बीडहून सुट्टीला आलेली, गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची पट्टी तशीच ठेवून गावभर मिरवलेली तेजश्री म्हणाली होती, "जा तू, वैनी. मी हाय ना! तुझं नाव मी सोताच्या हातानं लिवते. दर आठवड्याला नर्सबाई कोपीवर येऊन मशीन लावील. जरा इकडंतिकडं झालं की दारात गाडी." वहिनीने विचारलं होतं, "आन न्हाई आली तर?" तेव्हा ती हसली होती. हसली होती, बाई! "मानूस इसरतं, वैनी. मशीन इसरत नसतं." हनुमानदादा दाराशी उभा होता, त्याच्या तोंडावरचं ओझं उतरलेलं तिला दिसलं होतं, आणि त्या दोघांना आपण आधार दिला या सुखात ती दोन दिवस तरंगत होती.

रुचिका काहीतरी विचारत होती. तेजश्रीने उत्तर दिलं, काय दिलं ते तिलाच कळलं नाही. डोळे पडद्यावर होते आणि मन मात्र शिवशरण सरांच्या क्लासात जाऊन बसलं होतं, पहिल्या बाकावर. शिवशरण सर नांदूरघाटचे, घरचं कापडाचं मोठं दुकान, कपाळाला भस्म, बोलणं गोड. बीडमध्ये त्यांचा क्लास चाले आणि गरिबाघरच्या पोरी शिकाव्यात म्हणून ते स्वतः धडपडत. त्यांच्या घरी माणशी दोन फोन. त्यांनी फळ्यावर टेबल काढून विचारलं होतं, "नाव दोघींचं सारखं असू शकतं. गाव सारखं, वय सारखं. मग माणसागणिक वेगळं असं काय असतं, की त्यावरून ओळ ओळखता येईल?" आणि पहिल्या बाकावरून तेजश्रीच ओरडली होती, "मोबाईल नंबर, सर!" सर म्हणाले, शाब्बास. प्रायमरी की, म्हणाले, ओळीची किल्ली. एका किल्लीची एकच ओळ, तिथे दुसरी बसत नाही. त्याच आठवड्यात तिने आयुष्यातला पहिला स्वतःचा फोन घेतला होता. नंबर कुणी विचारला की तिला गुदगुल्या होत. माझा नंबर, माझ्या एकटीचा. त्या आनंदात ती काय विसरली, तर स्वतःचं सगळं बालपण. फडावर वीज नसते. सगळ्यांचे फोन दोन दिवसांत मरतात, आणि चालू राहतो तो एक मुकादमाचा, ट्रॅक्टरवर चार्ज होणारा. म्हणून नंबर सांग म्हटलं की आख्खी टोळी मुकादमाचाच नंबर सांगते. लबाडीने नव्हे, तोच लागतो म्हणून. शाळेत फॉर्म भरायच्या वेळी तेजश्रीनेही सटवाचाच नंबर लिहिला होता, शेजारच्या पोराने तोच, मागच्या पोरीने तोच. गुरुजी हसून म्हणाले होते, "तुम्हा सगळ्यांचा बाप एकच हाय का रे?" सगळा वर्ग हसला आणि ती बाकाखाली घुसायची बाकी राहिली होती. त्या दिवसापासून तिने ठरवलं होतं, आपण या नंबरातून बाहेर पडायचं. बाहेर पडली, शिकली, आणि इतकी बाहेर पडली की मागे राहिलेल्या बायकांचाही एकेकीचा स्वतःचा नंबर असेल असं धरून चालली आणि संस्थेचं टेबल बांधताना किल्ली म्हणून मोबाईल नंबरच ठेवून बसली. शहरातल्या कुणी ही चूक केली असती तर म्हणता आलं असतं, त्याला काय माहीत. हिला तर माहीत होतं! हिच्या बोटांना तो नंबर अजून पाठ होता.

आणि यंत्राने सांगितलं नव्हतं असंही नाही. तेच तर तिला आता जाळत होतं. दिवाळीच्या आधी, नोंदी धडाधड येऊ लागल्या तेव्हा, कार्यकर्त्यांचे फोनवर फोन. ताई, नाव घेत न्हाई. ताई, लाल अक्षरं येतेत. ताई, ही किल्ली आदीच हाय म्हनतंय. दिंद्रुडहून एक बाई तर चिडून म्हणाली, "तुमचं यंतर हाय का मुकादम, नुसतं वरडतंय?" नोकरी नवी, वरचे साहेब दर तासाला विचारत, झालं का. सरांना विचारावं तर त्यांना वाटेल, पोरीला एवढंही येत नाही. मग तिने इंटरनेटवर शोधलं आणि एक तोडगा सापडला. 'इन्सर्ट' या शब्दाच्या जागी 'रिप्लेस' लिहायचं. बस्स. एक शब्द. म्हणजे ती किल्ली आधीपासून असेल तर यंत्राने कुरकुर न करता जुनी ओळ काढायची आणि नवी ठेवायची. तिला वाटलं, एकच बाई दोनदा नोंदवली जात असेल, ताजी माहिती राहील, चांगलंच की. लाल अक्षरं गायब. फोन बंद. साहेब म्हणाले, वा! त्या संध्याकाळी तिने ऑफिसात पेढे वाटले होते, अगदी स्वतःच्या हाताने. यंत्र बिचारं ओरडून ओरडून सांगत होतं, की इथे आधीच एक बाई आहे, हिला कुठे बसवू? आणि तेजश्रीने त्याच्या तोंडावर हात दाबला होता.

"ताई, बरं वाटत नाही का?" रुचिकाने विचारलं. "पाणी आण जरा," तेजश्री म्हणाली, आणि रुचिका उठल्यावर तिने नुसती ओळींची मोजणी मागितली. आकडा आला. तो आकडा तिने आधीही कितीदा पाहिला होता आणि कमी कसा, असं कधी वाटलं नव्हतं. आता तिने यादी खाली ओढत नेली. नंबर, नंबर, नंबर. आणि प्रत्येक नंबर मुकादमाचा. गावं ओळखीची, मुकादम ओळखीचे. आख्ख्या जिल्ह्यातून निघालेल्या त्या सगळ्या पोटुशा बायका, कुणी पहिलटकरीण, कुणी तिसऱ्या खेपेची, एकेका टोळीत पाच-पाच, सात-सात. आणि टेबलात टोळीमागे एक. जी सगळ्यात शेवटी लिहिली गेली ती. बाकीच्या एकमेकींच्या अंगावर पडत, पुसत, नाहीशा झाल्या होत्या आणि त्याची ओरखड्याएवढी खूणसुद्धा कुठे नव्हती. पडदा स्वच्छ, ओळी सरळ, खुणा हिरव्या. आई गं! तिने पदर घेतात तशी ओढणी तोंडावर घेतली. या सगळ्या बायकांसाठी आपल्याला रडू यायला हवं, असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर एकीसाठीच येत होतं. जी रोज सकाळी तिच्या डोक्याला तेल चोपडून घट्ट दोन वेण्या घालायची, इतक्या घट्ट की डोळे ताणले जायचे, आई गेल्यावर जी घरात आली आणि पहिल्याच हंगामात थोरल्याधाकट्यांसमोर पदर खोचून म्हणाली होती, "पोरगी फडावर येनार न्हाई. ती शाळंत जाईल. तिच्या वाट्याच्या मोळ्या मी उचलते." उचलल्याही होत्या. त्या मोळ्या उचलताना तिचं पहिलं पोट गेलं होतं, हे तेजश्रीला फार उशिरा, शेजारणींच्या बोलण्यातून कळलं होतं. वहिनीने कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

निदान आत्ता तरी लिहू. तिने घाईने नवी ओळ भरली: मुक्ताबाई, महिना, दाब, लाल खूण, कोपी, सटवाचा नंबर. एन्टर दाबलं. झाली नोंद, यंत्र म्हणालं. तिने श्वास सोडला, ओळ डोळ्यांनी पाहावी म्हणून पुन्हा शोधलं, आणि मुक्ताबाई दिसली. एकटी मुक्ताबाई. क्षणभराने तिला उमजलं: जानकीबाई गेली होती. तिने आत्ता, डोळ्यांदेखत, स्वतःच्या वहिनीला बसवायला दुसऱ्या बाईला उठवलं होतं. हे ती महिनाभर न बघता करत होती, आता बघून केलं. घाबरून तिने जानकीबाईला पुन्हा लिहिलं, तर मुक्ताबाई गेली. मग वहिनीच्या नावापुढे तिने सटवाच्या नंबराचा शेवटचा आकडा बदलून एक खोटाच नंबर ठोकून दिला, आणि दोघी एकाखाली एक उभ्या राहिल्या. इतकं सोपं होतं! किल्ली म्हणून साधा अनुक्रमांक ठेवला असता तरी सगळ्या जणी सुखाने मावल्या असत्या. तिने शिवशरण सरांना फोन लावला. सरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बॅकअप घेतला होतास का, बाळा?" ती म्हणाली, "तो धडा पुढच्या महिन्यात होता, सर." सर म्हणाले, "येतो मी. तू टेबलाला हात लावू नकोस. आणि आधी त्या नर्सताईंना फोन कर." हे तिला आधी सुचायला हवं होतं. माणसं तिथे मरणाच्या दारात, आणि ती इथे ओळी जुळवत बसली होती!

तिकडच्या नर्सताई फोनवर भल्या होत्या. "सटवा मुकादमाची टोळी? गेले की दोन वेळा. जानकीबाई ना, एकदम व्यवस्थित आहेत." तेजश्री म्हणाली, तिथे दुसरी एक बाई, मुक्ताबाई. "हो, होत्या एक," नर्सताई म्हणाल्या, "पाय बरेच सुजलेले. म्हणाल्या, माझंही नाव असेल बघा. मी फोनमध्ये पाहिलं तर नव्हतं. म्हटलं बाई, मला अजून चार फड करायचेत, अंधारायच्या आत. तुमचं नाव येऊ द्या, मग पुढच्या खेपेला नक्की बघते. काय झालं, नाव आलं का आता?" तेजश्रीने सांगितलं, आलं. आजच्या आज जा ताई, मी पाया पडते तुमच्या. नर्सताईंचा आवाज बदलला, निघतेच, म्हणाल्या. मग तिने सटवाचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. खाली टायरच्या दुकानात हवा भरायचं यंत्र फुरफुरत होतं, रुचिका पाण्याचा पेला धरून दारातच थबकली होती, आणि तेजश्री लावत राहिली. देवाला नवस बोलावा तर कोणता देव, तेही सुचेना. नुसतं नाव घेत राहिली, मुक्ताबाई, मुक्ताबाई, जणू ते तोंडाने म्हटल्याने कुठेतरी लिहिलं जाणार होतं.

तिचा फोन वाजला तो सटवाच्याच नंबरावरून. पण आवाज सटवाचा नव्हता.

"तेजा का? मी बोलतीय."

"वैनी!" तिच्या तोंडून किंकाळीच निघाली. "वैनी, तू बरी हायस ना? नर्सबाई निघाल्यात, आत्ता येतेत, तू कोपीतून हालू नकोस."

"कोपीत कुटं, दवाखान्यात हाय मी," मुक्ताबाई म्हणाली. आवाज खोल गेलेला, पण सावध. "परवा फडातच झटकं आलं मला. मुकादमानं ट्रॅक्टरवर घालून आनलं. मी वाचले. लेकरू न्हाई ऱ्हायलं. पोरगी हुती म्हनं. तुला कळवू नका म्हनले मीच, तू कामाच्या जागी हायस. आत्ता फोन चालू केला तर मुकादम म्हनला, तेजाचे लई फोन येऊन गेलेत, बोल म्हनला. कावून गं, काय झालं?"

तेजश्री हुंदके देऊ लागली. मग तिलाच उगी करावं तशी वहिनी बोलू लागली, हळूहळू, मधेमधे दम खात. "तू मनाला लावून घिऊ नगंस. मी आदी लई इचार केला. बाई म्हनली तुझं नाव न्हाई. म्हनलं आसं कसं, माजी ननंद हाय तितं, तिनं सोताच्या हातानं लिवलंय. तर न्हाईच म्हनली. मग ह्यांना म्हनलं, भांडू नगा. तेजानं लिवलं नसंल तर त्यात तिचा काय तरी इचार आसंल. जानकीला जास्त गरज आसंल. न्हाई तर आपल्याच घरच्याला आदी कसं लिवायचं, लोक काय म्हनत्याल, आसं वाटलं आसंल तिला. शिकलेलं मानूस हाय, उगंच न्हाई करायची. तेच धरून पडले मी इतं. तेजानं केलंय तर बरूबर आसंल."

खोटं बोलणं किती सोपं होतं! हो वैनी, तसंच होतं, एवढं म्हटलं की झालं. तेजश्रीच्या जिभेवर ते आलंसुद्धा. पण ज्या बाईने तिच्या वाट्याच्या मोळ्या उचलल्या, तिच्या डोक्यावर आणखी हेही ठेवायचं?

"न्हाई वैनी," ती म्हणाली. "मी लिवलं हुतं तुझं नाव. मग जानकीबाईचं लिवलं, तवा तुझं गेलं. मला कळलंच न्हाई. मला आज कळलं."

पलीकडे कुणीतरी बादली सरकवल्याचा आवाज आला.

"म्हंजे," मग वहिनी म्हणाली, "तुजा काईच इचार नव्हता?"

"न्हाई."

आणि इतका वेळ न रडलेली मुक्ताबाई तेव्हा कुठे रडायला लागली.